ग्रेच्चोचा बैल आणि गाढव

१२२३ साल, डिसेंबर महिना. नाताळला पंधराएक दिवस राहिले असताना असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चोच्या जोव्हान्नी नावाच्या एका सज्जनाला बोलावून घेतलं. ग्रेच्चो म्हणजे इटलीतल्या रिएतीच्या खोऱ्यात डोंगराच्या कड्याला चिकटून बसलेलं लहानसं गाव. फ्रान्सिस म्हणाला, यंदाचा सण ग्रेच्चोलाच करायचा, तेव्हा लवकर जा आणि मी सांगतो तशी तयारी करून ठेव. बेथलेहेमात जन्मलेलं ते बाळ मला पाहायचं आहे. तान्हेपणी त्याला कशाकशाची वाण होती, गव्हाणीत ते कसं पडलं होतं, बैल आणि गाढव शेजारी उभे असताना गवतावर कसं निजवलं होतं, हे सगळं मला या देहाच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. जोव्हान्नीने गव्हाण मांडली, गवत पसरलं, बैल आणि गाढव आणून बांधले. फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार, चेलानोचा थॉमस, याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. आज जगभर नाताळात जे गोठे सजतात त्यांची गोष्ट सांगताना याच रात्रीपासून सुरुवात करतात. माझं मन मात्र दर वेळी त्या मागणीतल्या एकाच तपशिलाशी अडतं. बैल आणि गाढव फ्रान्सिसने कुठून आणले?

कारण शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, ते नाहीत. लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं सातवं वचन किती थोडक्यात आहे पाहा. मरियेने आपल्या पहिल्या मुलाला जन्म दिला, त्याला बाळंत्याने गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. बस. पुढे मेंढपाळ येतात, पण त्यांची मेंढरं रानात आहेत, बाळाजवळ नाहीत. मत्तयच्या कथेत तारा आहे, पूर्वेकडचे ज्ञानी आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस आहे, पण गोठा नाही. ते ज्ञानी चक्क घरात शिरतात. मार्क आणि योहान जन्माची गोष्टच सांगत नाहीत. चारी शुभवर्तमानं पालथी घातली तरी त्या गव्हाणीपाशी एकही जनावर सापडत नाही. गव्हाण आहे म्हणजे जनावर असणारच, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो, इतकंच.

आणि हा माणूस कोण? १२०८ च्या सुमारास पोर्त्सिउंकोलाच्या छोट्या देवळात मत्तयच्या दहाव्या अध्यायाचं वाचन ऐकलं, कमरपट्ट्यात सोनं-रुपं घेऊ नका, झोळी नको, दोन अंगरखे नकोत, वहाणा नकोत, काठी नको. आणि याने तिथल्या तिथे पायातल्या वहाणा काढल्या, हातातली काठी टाकली आणि चामडी पट्ट्याऐवजी कमरेला दोर बांधला. फ्रान्सिस्कनांच्या कमरेला आजही दोर असतो तो तिथून. ग्रेच्चोच्या त्या रात्रीआधी महिनाही झाला नव्हता, २९ नोव्हेंबर १२२३ ला पोप होनोरियस तिसरे यांनी त्याच्या संघाच्या नियमावलीला शिक्कामोर्तब केलं होतं. त्या नियमावलीचं पहिलंच कलम सांगतं की बंधूंचा नियम म्हणजे प्रभूच्या शुभवर्तमानाचं पालन. १२२६ मध्ये मरणापूर्वी लिहून घेतलेल्या मृत्युपत्रात तर तो आज्ञा करतो की या नियमावर टीका-टिप्पणी चढवू नका, याचा अर्थ असा आणि तसा म्हणू नका, साधेपणाने जसं आहे तसं घ्या. शब्दाला असा धरून चालणारा माणूस गव्हाणीपाशी मात्र जे लिहिलेलंच नाही ते मागून घेतो.

हे विसंगत वाटतं. मला ते विसंगत वाटत नाही, पण का वाटत नाही हे सांगायला बरीच वाट तुडवावी लागते.

सोपं उत्तर ठरलेलं आहे: बैल आणि गाढव अप्रमाण ग्रंथांतून, म्हणजे चर्चने बायबलमध्ये न घेतलेल्या पुस्तकांतून आले. साधारण सहाव्या-सातव्या शतकात लॅटिनमध्ये रचलेलं एक बालचरित्र आहे. मत्तयच्या नावावर चालत आलेलं, पण मत्तयचं नव्हे, म्हणून अभ्यासक त्याला स्यूडो-मत्तय म्हणतात. त्याच्या चौदाव्या अध्यायात जन्मानंतर तिसऱ्या दिवशी मरिया गुहेतून निघून गोठ्यात येते, बाळाला गव्हाणीत ठेवते, आणि बैल व गाढव त्याला वंदन करतात. पुढे दोन संदेष्ट्यांचे दाखले दिले आहेत. यशयाचा: बैल आपला धनी ओळखतो, गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखतं. आणि हबक्कूकचा: दोन प्राण्यांच्या मध्ये तू प्रकट होशील. याच पुस्तकात मिसरला पळून जाताना उन्हाने थकलेली मरिया एका खजुरीखाली बसते, वर लगडलेली फळं पाहून तिला ती खावीशी वाटतात, आणि योसेफला चिंता असते ती पाण्याची, कारण पखाली रित्या झालेल्या आहेत. मांडीवरचं बाळ झाडाला वाकायला सांगतं. खजूर मरियेच्या पावलांपर्यंत वाकते आणि मुळांतून झरा फुटतो. खजुरीचा बुंधा, पिकली फळं आणि पायाशी वाहतं पाणी कुराणातल्या मरियम सूऱ्यातही आहेत, फक्त तिथे तो प्रसंग जन्मवेळेचा आहे.

या पुस्तकाबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. त्याच्या सुरुवातीला दोन पत्रं जोडलेली आहेत. क्रोमाशियस आणि हेलिओडोरस हे दोन बिशप संत जेरोमला विनंती करतात की मत्तयने हिब्रूत लिहिलेलं हे बालचरित्र लॅटिनमध्ये आणून द्या, आणि जेरोम मान्य करतो. दोन्ही पत्रं बनावट. ज्या जेरोमचं नाव वापरलं त्याने ३८३ मध्ये हेल्विदियसला उत्तर देताना नेमक्या अशाच गोष्टींना वेडगळ बडबड म्हटलं होतं. तिथे कुणी सुईण नव्हती, बायकांची धावपळ नव्हती, आईनेच बाळाला गुंडाळलं, ती स्वतःच आई आणि स्वतःच सुईण, असं त्याने ठणकावलं होतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी तो हयातभर ज्याला विरोध करत होता तेच घालणं ही लबाडी आहे आणि तिला सुंदर खजुरीमुळे माफी मिळत नाही. तरीही ज्या कुणी ती खजूर लिहिली त्याला वाळवंटातून जाणाऱ्या ओल्या बाळंतिणीची तहान कळत होती, हेही खरं.

शिवाय सोपं उत्तर अपुरं आहे. मिलानच्या सांत अम्ब्रोजिओ चर्चमध्ये चौथ्या शतकातली एक संगमरवरी शवपेटी आहे, स्तिलिकोची म्हणून ओळखली जाणारी. तिच्या झाकणाच्या एका त्रिकोणी टोकाला बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ आहे, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला गाढव. मरिया नाही, योसेफ नाही. म्हणजे स्यूडो-मत्तय लिहिला जाण्याच्या दोन शतकं आधी शिल्पकाराला आई-बाप वगळता येत होते, जनावरं वगळता येत नव्हती. दगडात आधी आलेली गोष्ट पुस्तकाने नंतर सांगितली. मग दगडात ती कुठून आली? तिसऱ्या शतकात धर्मपंडित ओरिजेन लूकवर प्रवचन करताना गव्हाण या शब्दापाशी थांबतो आणि यशयाचं ते वचन आठवतो. हबक्कूकचा दाखला तर हिब्रूत सापडतच नाही. तिथे आहे ‘वर्षांच्या मध्ये’. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याच जागी ‘दोन प्राण्यांच्या मध्ये’ आलं, जुन्या लॅटिनमध्येही तेच उतरलं. जेरोमने बायबलच्या आपल्या लॅटिन भाषांतरात ते दुरुस्त केलं. पण शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत गायला जाणारा जुना पाठ तसाच राहिला, कारण गायकांच्या गळ्यात बसलेली ओळ विद्वानांच्या दुरुस्तीने हलत नाही. फ्रान्सिसने प्राणी ऐकले असतील तर ते असे: दर वर्षी, उपासनेत, गाण्यात, चर्चच्या भिंतींवर. त्यासाठी त्याला एकही अप्रमाण ग्रंथ उघडायची गरज नव्हती.

एक गोष्ट इथे टाळून पुढे जाता येत नाही. यशयाचं वचन अर्ध्यावर थांबत नाही. बैल ओळखतो, गाढव ओळखतं, पण इस्राएल ओळखत नाही, असं ते पुरं होतं. यशया आपल्याच लोकांवर रागावून बोलत होता, घरातला माणूस घरच्यांवर रागावतो तसा. ख्रिस्ती प्रवचनकारांच्या तोंडी तेच वचन परक्याने घातलेला घाव झालं. बैल म्हणजे यहुदी, गाढव म्हणजे विदेशी, असे अर्थ लावले गेले आणि न ओळखणाऱ्याला शतकानुशतकं दोष दिला गेला. गोठ्यातली ती दोन गरीब जनावरं इतकी निष्पाप दिसतात, पण त्यांच्या वंशावळीत हेही आहे.

या सगळ्याच्या तळाशी एक जुनं पुस्तक आहे, याकोबाचं आद्य-शुभवर्तमान. दुसऱ्या शतकातलं, ग्रीक, शंभराहून जास्त ग्रीक हस्तलिखितांत टिकलेलं. पश्चिमेला ते बराच काळ मूळ रूपात वाचायला मिळत नव्हतं. गिल्योम पोस्तेल नावाच्या फ्रेंच विद्वानाने ते पूर्वेकडून आणलं आणि त्याचं लॅटिन भाषांतर १५५२ मध्ये बाझेलला छापलं गेलं. मरियेचे आईवडील योवाकीम आणि अन्ना यांची नावं सर्वांत आधी इथे भेटतात. योवाकीम श्रीमंत आहे, पण निपुत्रिक, म्हणून मंदिरात त्याला अर्पण करण्यापासून अडवलं जातं. तो अपमान गिळून चाळीस दिवस रानात जाऊन बसतो. इकडे अन्ना लग्नातली वस्त्रं लेवून बागेत उतरते, लॉरेलच्या झाडाखाली बसते, वर पाहते तर फांदीत चिमण्यांचं घरटं. आणि ती रडू लागते. मी कुणासारखी? पाखरांसारखी नाही, त्यांनाही पिलं होतात. जनावरांसारखी नाही, पाण्यासारखी नाही, या मातीसारखीही नाही, तिलाही हंगामात पीक येतं. हा विलाप ज्याने लिहिला त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, पण मूल न होणाऱ्या बाईला घरटं पाहून काय होतं हे त्याला ठाऊक होतं.

हा लेखक, ज्याच्या नावावर पुस्तक चालतं तो प्रभूचा भाऊ याकोब नव्हे, हे त्याच्याच चुका सांगतात. मूल नाही म्हणून अर्पण नाकारावं असा नियम मोशेच्या शास्त्रात कुठेच नाही. तीन वर्षांच्या मुलीला मंदिरात ठेवून वाढवायची रीत नव्हती, परमपवित्र स्थानात तर महायाजकाशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नसे. गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात संशयित बायकोला कडू पाणी पाजण्याची कसोटी आहे, ती फक्त बायकोची. इथे याजक ते पाणी योसेफलाही पाजतो. यरुशलेमात वाढलेल्या माणसाच्या हातून असं झालं नसतं. मला या चुका खुपत नाहीत. उलट त्यांतूनच कळतं की हा लेखक दूर कुठेतरी बसून, शास्त्र ग्रीकमधून वाचून, जे पाहिलं नाही ते मनात उभं करत होता.

आणि त्याने उभं केलेलं एक दृश्य मी ख्रिस्ती वाङ्मयात दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. योसेफ मरियेला गुहेत ठेवून सुईण शोधायला निघतो. तिथे निवेदन अचानक त्याच्या तोंडी येतं. मी चालत होतो आणि चालत नव्हतो. वर पाहिलं तर आकाश थांबलेलं, हवा थिजलेली, पाखरं जागच्या जागी. खाली पाहिलं तर एक परात मांडलेली, भोवती मजूर जेवायला टेकलेले, हात परातीत. चावणारे चावत नव्हते, घास उचलणारे उचलत नव्हते, तोंडाशी नेणारे नेत नव्हते, सगळ्यांचे चेहरे वर. मेंढरं हाकली जात होती आणि उभी होती. मेंढपाळाने मारायला काठी उगारलेली, हात तसाच वर. ओढ्यावर करडांची तोंडं पाण्याला टेकलेली, पण पीत नव्हती. मग एकदम सगळं जिथल्या तिथून पुढे सुरू झालं. लूककडे देवदूतांचा घोष आहे. इथे सगळं जग एक क्षण श्वास रोखून धरतं, आणि ते कळतं कशावरून, तर अर्ध्यावर थांबलेल्या घासावरून. या पुस्तकाचा सर्वांत जुना पूर्ण पाठ तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या एका पपायरसवर आहे, १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला, आणि त्यात योसेफचं हे बोलणं नाही. नंतर कुणी घातलं, की त्या नकलाकाराने गाळलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझा कल गाळलं या बाजूला आहे, कारण त्या पपायरसवर आजूबाजूचा मजकूरही आखडता घेतलेला दिसतो.

असं पुस्तक नाकारलं कसं गेलं? ४०५ मध्ये पोप इनोसंट पहिले यांनी तुलूझच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात याकोबाच्या नावावरची पुस्तकं त्याज्य ठरवली. पुढे पोप गेलासियस यांच्या नावाने फिरणारी एक लांबलचक यादी आली, बहुधा सहाव्या शतकातली आणि बहुधा गेलासियस यांची नव्हेच, तिच्यातही याकोबाचं शुभवर्तमान आणि तारणाऱ्याच्या बाळपणाची पुस्तकं टाकाऊंत मोजली आहेत. टाकाऊ पुस्तकांची यादी स्वतःच दुसऱ्याच्या नावावर चालत राहिली. ती नाकारण्यात सगळं चूकच होतं असं मी म्हणणार नाही. थोमाच्या नावावरचं एक बालचरित्र आहे, त्यात पाच वर्षांचा येशू शब्बाथाच्या दिवशी मातीच्या बारा चिमण्या करून उडवतो, इथवर गोड आहे. पुढे धावताना खांद्याला धक्का लागला म्हणून एका पोराला तो शापाने मारतो. ते पान वाचताना थंडगार वाटतं. ज्यांनी ते उपासनेपासून दूर ठेवलं त्यांनी योग्य केलं.

बाळपण मागणं मात्र कुणाला थांबवता येत नाही. महाभारतात कृष्ण पहिल्यांदा समोर येतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात, चांगला मोठा झालेला. गोकुळ हवं असेल तर हरिवंश आणि भागवताकडे जावं लागतं, आणि आपण गेलोच. ज्याच्यावर जीव आहे तो लहान असताना कसा दिसत होता हे विचारल्याशिवाय माणसाला राहवत नाही. फ्रान्सिसचं म्हणणं तेवढंच होतं, मला डोळ्यांनी पाहायचं आहे.

त्या रात्री नेमकं काय झालं हे चेलानोच्या थॉमसमुळे कळतं. बंधू आजूबाजूच्या मठांतून आले, गावकरी मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले, रान उजळलं. बाळाची मूर्ती नव्हती, मरिया-योसेफ म्हणून कुणी उभं राहिलं नव्हतं. गव्हाण, गवत, बैल, गाढव, आणि गव्हाणीवर मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, त्याखालच्या पायरीवरचा डीकन होता, म्हणून त्याने डीकनचा झगा घालून शुभवर्तमान गायलं आणि मग प्रवचन केलं. बेथलेहेम म्हणताना त्याचा आवाज मेंढरू बेंबाटल्यासारखा व्हायचा. येशू किंवा बेथलेहेमचं बाळ म्हणताना तो ओठांवरून जीभ फिरवायचा, जणू त्या शब्दाची गोडी चाखतोय. तिथल्या एका भल्या माणसाला दिसलं की गव्हाणीत एक निपचित बाळ आहे आणि फ्रान्सिस त्याला झोपेतून जागं करतोय. ते गवत नंतर लोकांनी जपून ठेवलं. आजारी गुरांना खाऊ घातलं की ती बरी होत, अडलेल्या बाळंतिणीच्या अंगावर ठेवलं की सुटका होई, असंही थॉमस लिहितो.

हे चरित्र १२२८-२९ चं, फ्रान्सिसला संतपद देणाऱ्या पोप ग्रेगरी नववे यांच्या सांगण्यावरून लिहिलेलं. त्याहून प्रमाण काय असायचं? पण संघ वाढला, गरिबी किती कडक पाळायची यावर बंधूंत तट पडले, आणि जो तो फ्रान्सिसच्या आठवणींतून आपल्या सोयीचा फ्रान्सिस काढू लागला. तेव्हा संघप्रमुख बोनाव्हेंचर यांनी नवं, सर्वांना चालेल असं चरित्र लिहिलं, आणि १२६६ मध्ये पॅरिसच्या महासभेने हुकूम काढला की आधीची सगळी चरित्रं नष्ट करावीत, संघाबाहेर कुणाकडे असतील तर तीही मिळवून काढून टाकावीत. बोनाव्हेंचरच्या पुस्तकात ग्रेच्चो आहे, बैल-गाढव आहेत, गवत आहे, डोळ्यांतलं पाणी आहे. त्याने एक नवी गोष्ट जोडली: नवीन थेर काढलं असं कुणी म्हणू नये म्हणून फ्रान्सिसने आधी पोपची परवानगी घेतली होती. आणि एक गोष्ट गेली. मेंढरासारखा आवाज आणि ओठांवरून फिरणारी जीभ त्यात नाही.

म्हणजे नाताळच्या गोठ्याच्या जन्माची मूळ साक्ष स्वतःच टाकलेली, मिटवायला सांगितलेली पोथी होती. ती वाचली ती बहुतांशी सिस्टर्शियन आणि बेनेडिक्टाइन मठांत, जिथे फ्रान्सिस्कनांचा हुकूम पोचत नव्हता. छापली गेली १७६८ मध्ये, संतांची चरित्रं गोळा करणाऱ्या बोलांडिस्ट मंडळींच्या, म्हणजे जेझुइटांच्या हातून. आणि २०१५ च्या सुरुवातीला पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तळहातावर मावेल एवढी, जेमतेम बारा सेंटिमीटर उंचीची एक पोथी विकत घेतली; थॉमसनेच मधल्या काळात लिहिलेलं एक संक्षिप्त चरित्र तिच्यात सापडलं, ते इतिहासकार जाक दालारूँ यांनी ओळखलं. साडेसातशे वर्षांपूर्वीचा हुकूम अजून पुरा अमलात आलेला नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. बोनाव्हेंचर मोठा माणूस होता आणि त्याला संघ फुटू द्यायचा नव्हता, हे कळतं. तरी तो आवाज गाळायला नको होता.

अप्रमाण ग्रंथांतलं सगळं घराघरांत पोचवलं ते डॉमिनिकन संघातल्या एका बंधूने. याकोपो दा वाराज्जे, पुढे जेनोवाचा आर्चबिशप, याने १२६० च्या दशकात संतांच्या गोष्टींचा मोठा संग्रह केला. त्याची आठशेहून जास्त हस्तलिखितं टिकली आहेत, यावरून तो किती वाचला गेला असेल हे कळतं. अन्ना आणि योवाकीम त्यातून प्रवचनांत गेले. पादुआच्या चॅपेलच्या भिंतींवर जोत्तोने १३०५ च्या सुमारास त्यांची अख्खी कथा रंगवली. बैल-गाढवाचं याकोपोने दिलेलं स्पष्टीकरण मला फार आवडतं. गाढव होतं मरियेला बसवून आणायला. बैल योसेफने बहुधा विकायला आणला होता, स्वतःचा आणि मरियेचा कर भरायला आणि उरलेल्या पैशांत दिवस काढायला. नावनोंदणीला गावी निघालेल्या गरीब सुताराचा हिशेब याहून सरळ कुणी मांडला नसेल.

आपल्याकडचे गोठे पाहताना ही सगळी थरांची बांधणी ओळखता येते. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवून पसरट भांड्यात मातीवर दाट पेरतात, वर पातळ माती. पाणी शिंपडायचं, साचू द्यायचं नाही, नाहीतर दाणे कुजून वास येतो; फार लवकर पेरलं तर सणापर्यंत पाती पिवळी पडून आडवी होतात. त्या हिरवळीवर भाताच्या पेंढ्याचा गोठा. गव्हाण, बाळंतं आणि मेंढपाळ लूकचे. तारा आणि दूरवर ठेवून ६ जानेवारीला जवळ आणायचे ते ज्ञानी मत्तयचे. पण ते तीन, हे मत्तय सांगत नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींत कुठे ते दोन आहेत, कुठे चार. पांढऱ्या दाढीचा, वयस्कर योसेफ याकोबाच्या पुस्तकातला, तिथे तो म्हणतो, मला मुलगे आहेत, मी म्हातारा आहे. कागदाचे खडक करून गोठ्याऐवजी गुहा केली असेल तर तीही तिथलीच, आणि दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकालाही ठाऊक असलेली. २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी शुभवर्तमानात प्राणी नाहीत एवढं लिहिलं तर वर्तमानपत्रांनी पोपने बैल-गाढव हाकलले म्हणून मथळे केले. त्याच मजकुरात पुढे यशया आणि हबक्कूकचा धागा उलगडून त्यांनी म्हटलं होतं की कुठलाही गोठा या दोघांना सोडणार नाही.

फ्रान्सिस्कन गोव्यात १५१७ ला उतरले, पुढे वसईत आले. किल्ल्यातल्या त्यांच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. पण अप्रमाण ग्रंथांची खरी वस्ती आपल्याकडे दिसते ती सणांच्या तारखांत. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन शुभवर्तमानात नाही, याकोबाच्या पुस्तकात तिचा जन्म आहे. वांद्र्याला मोत माउलीची जत्रा भरते ती त्याच सणाची. पोप पायस पाचवे, तेही डॉमिनिकन, यांनी १५६८ च्या प्रार्थनाग्रंथातून अन्नाचा सण आणि बाल मरियेच्या मंदिरप्रवेशाचा सण वगळले, आधार अप्रमाण म्हणून. लोकांनी मानलं नाही. १५८४ मध्ये अन्ना परतली, १५८५ मध्ये मंदिरप्रवेश परतला.

त्यानंतर शतकभराने, १६८१ ते १६९५ या काळात, गोव्यात तळावलीला सांत आनाचं, म्हणजे याच अन्नाचं, ते देखणं चर्च उभं राहिलं. जुलैच्या भर पावसात तिथलं फेस्त होतं, लोक त्याला तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त म्हणतात. मूल हवं असलेली जोडपी तिथे तवसं वाहतात, बायको हवी असलेला मुलगा लाकडी डाव, नवरा हवा असलेली मुलगी उडीद. ज्या बाईला घरटं पाहून रडू आलं तिच्यापाशी जोडप्यांनी मूल मागायचं, यात मला कसलीही अंधश्रद्धा दिसत नाही. तिला काय मागतोय ते समजेल एवढा विश्वास दिसतो. अडचण येते ती मिस्सेत वाचन निवडताना, कारण अन्नाबद्दल बायबलमध्ये एक शब्दही नाही. म्हणून तिच्या सणाला, २६ जुलैला, शुभवर्तमान वाचतात ते मत्तयच्या तेराव्या अध्यायातलं, जे तुम्ही पाहता ते पाहायला अनेक संदेष्टे आणि नीतिमान आसुसले होते, हे. आणि पहिलं वाचन सिराखच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातलं, थोर पूर्वजांच्या स्तुतीचं. कॅथलिकांच्या त्र्याहत्तर पुस्तकांच्या बायबलमध्ये सिराख आहे; प्रॉटेस्टंट मराठी घरांतल्या सहासष्ट पुस्तकांच्या पवित्र शास्त्रात नाही, तिथे त्याची गणती अपोक्रिफात होते.